भिंतीपलीकडचा टीव्ही

संध्याकाळची मालिका रंगात आली की मोठीमाय रिमोट हातात घ्यायची. तोवर तो तिच्या मांडीवर नुसता पडून असायचा. पडद्यावर कुणीतरी दार उघडणार, कुणाचं तरी बिंग फुटणार, कुणाच्या तरी गालावर चपराक बसणार, अशा ऐन घडीला तिचा अंगठा दाबला जायचा आणि आमच्या टीव्हीवर बातम्या सुरू व्हायच्या. मग ती मान तिरकी करून भिंतीकडे कान लावायची. पलीकडून आवाज यायचा. फरशीवर काशाची थाळी आपटल्याचा, एकदाच.

"ऐकलं काय?" ती मला विचारायची.

"ऐकलं."

"वाढ मंग भात."

दिवसभरात मोठीमाय हसायची ती तेवढ्याच वेळी, आणि तेही ओठ मिटून. मग पोटभर जेवायची.

भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ राहायची. सारं गाव तिला लहानी म्हणतं आणि आमचीला मोठी. दोघी सख्ख्या भावांच्या बायका. दोघींचे मालक वारले, लेकरं बाहेरगावी गेली, आणि एका घराच्या मधोमध घातलेल्या भिंतीच्या दोन बाजूंना ह्या दोन म्हाताऱ्या उरल्या. वाटणीला पंच बसले होते तेव्हा जे कापता येण्यासारखं होतं ते त्यांनी कापलं. धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, बैल, भांडी, पाटसुद्धा. कापता येईना ते सामाईक ठेवलं. परसातली विहीर सामाईक, तिथलंच मोहाचं झाड सामाईक, आणि केबल सामाईक. केबलचा डबा मोठीच्या टीव्हीजवळ, आणि त्याच डब्यातून निघालेली काळी वायर भिंतीतल्या भोकातून लहानीच्या टीव्हीला. डबा एक, टीव्ही दोन. म्हणजे मोठी जे लावेल तेच लहानीला दिसणार.

लहानीला वेगळी केबल घ्यायला कुणी अडवलं नव्हतं. गावातल्या एकीने तिला तसं सुचवलं, तेव्हा ती म्हणाली म्हणे, "पंचानं देल्लेला हक्क मी काहून सोडू? दाखवू दे तिले. तिले दाखवाच लागते."

त्यांच्यात बोलणं कधी बंद झालं ते मला कुणी धड सांगितलं नाही. मोठीचं म्हणणं, "माह्या मालकाच्या तेरवीले ते पान खाऊन आली होती. लाल तोंड घेऊन." लहानीचं म्हणणं मला बऱ्याच उशिरा कळलं, ते असं, की तिच्या लेकीच्या लग्नात मोठी जेवायला बसली आणि वरणात मीठ नाही म्हणून पाहुण्यांसमोर पानावरून उठली. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. त्या दोघींकडे पाहिलं की दोन्ही पटतात.

मी इथली नाही. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. शेरडं राखायला कुणी नव्हतं म्हणून सहावीतून शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्यासोबत कालव्याच्या कामावर इकडे भंडारा जिल्ह्यात आले. आमच्याकडे पाण्याची वाट बघत माणसं म्हातारी होतात, आणि इथं बघावं तिकडे तळी आणि भात, सगळीकडे पाणी साचलेलं. मला त्याची भीतीच वाटायची. काम संपलं, टोळी दुसरीकडे गेली. नवरा टोळीच्या आधीच गेला होता, कुठे ते मी विचारायचं सोडून दिलंय. लाखांदूरच्या बसथांब्यावर मी माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसून होते, तेव्हा शेजारी एक म्हातारी दोन थैल्या घेऊन एस.टी.ची वाट बघत होती.

"काहून बसून रायली वं? कोनाची वाट पाहून रायली?"

"कुणाची न्हाई."

"मंग उठ. मले ह्या थैल्या उचलत नाही."

मी त्या थैल्या उचलल्या आणि तिच्या मागून तिच्या गावात आले. तिने मला जेवायला दिलं, सपरीतली म्हणजे पुढच्या पडवीतली खाट दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अट घातली. "इथं राहाचं असंन तं त्या घरासंग बोलाचं नाही. पाहाचं बी नाही." मी मान हलवली. तिने मला घर दिलं, हे मी विसरत नाही. तीही मला विसरू देत नाही. भाजीत तिखट जास्त पडलं तरी तिला बसथांबा आठवतो.

नावाने मला इथं कुणी हाक मारत नाही. सातारवाली म्हणतात. मी "न्हाई" म्हटलं की मोठीमाय माझ्यामागून "न्हाई, न्हाई" असं शेळीसारखं ओरडून दाखवते. पेटी मी अजून खाटेखालीच ठेवते. कपडे ठेवायला तिने भिंतीतलं एक फडताळ मोकळं करून दिलं होतं, पण मी त्यात फक्त कंगवा आणि तेलाची बाटली ठेवली. कधी उठायला सांगतील याचा नेम नसला की माणूस पसरत नाही.

लहानीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. मोठीने फारच छळलं की ती आपल्या बाजूने वायरीत साडीची पिन टोचायची. लगेच आमच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, माणसांना दोन दोन नाकं फुटायची. "टोचली वाटते," मोठीमाय म्हणायची आणि दातओठ खात बसून राहायची. पिन टोचली की लहानीलाही काही दिसायचं नाही, पण तेवढी झळ सोसायला ती तयार असायची. शेवटी तिला स्वतःलाच बघावंसं वाटलं की पिन निघायची आणि चित्र नीट व्हायचं.

मालिका मलाही बघायची असायची, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. ऐन वेळी बातम्या लागल्या की माझाही जीव तुटायचा. पण मी थाळी आपटायची कुणासमोर.

मोठीमायचा मुलगा पुण्याला असतो. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे इथली जत्रा भरते, पाहुणे येतात, घरोघरी चुली पेटलेल्या असतात, तेव्हा तो न चुकता येतो. गेल्या मंडईला आला तो गाडीत भला मोठा टीव्ही घालूनच. बूट काढता काढता त्याने भिंतीवरच्या जुन्या टीव्हीकडे असं पाहिलं, जसं काही तो टीव्ही त्याची वाट अडवून उभा होता. मला तो मावशी म्हणतो.

"अजून केबल आहे आपल्याकडे? आमच्या सोसायटीत कोणाकडेच नाही आता. ह्या टीव्हीत इंटरनेट आहे, मावशी. मोबाइलवरून चालतो. पाहिजे ते, पाहिजे तेव्हा. आणि नेटवर्क गेलं तर फुकटच्या डिशची छत्री बसवून देतो. भजन, बातम्या, सगळं येतं."

लाखांदूरहून माणूस आला, स्लॅबवर छत्री ठोकून गेला. केबलवाला आपला डबा न्यायला आला तो चेहरा पाडून. मुलासमोर त्याचं काही चाललं नाही, म्हणून जाताना मला ऐकवलं. "उद्या छत्रीवर माकड बसलं तं मले फोन नोको करजो, सातारवाली. तुह्या साताऱ्यालेच करजो." जसं काही ती छत्री माझ्या बापाने पाठवली होती.

मोठीमाय तेव्हा घरात नव्हती. मंडईत भाचीकडे गेली होती. लहानीही कुणाच्या तरी घरी पाहुणी होती. मुलगा भिंतीजवळ वाकला आणि त्याला ते भोक दिसलं.

"हे काय लोंबतंय?"

"लहानीचा टीव्ही त्याच्यावर चालतो," मी म्हटलं.

"आता डबाच नाही तर वायर कशाला? गुंडाळून टाका. आणि भोक बुजवा, साप येईल एखादा."

मी वायर ओढली. पलीकडून ती सरसरत आली, आणि तिच्या टोकाला लहानीची साडीची पिन तशीच टोचलेली होती. पिन काढून मी माझ्या पदराला लावली. चांगली पिन टाकवत नाही मला. भोकात माती आणि तणस, म्हणजे भाताचा पेंढा कोंबला, वरून शेणाचा हात फिरवला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मनात म्हटलं, कटकट मिटली एकदाची. आता मालिका शेवटपर्यंत दिसेल.

संध्याकाळी मोठीमाय आली. नवा टीव्ही बघायला शेजारपाजार जमलं होतं. माझा मोबाइल खिडकीत उभा करून ठेवला होता, कारण आमच्या घरात नेटवर्क तेवढ्याच जागी येतं. मुलाने मालिका लावून दिली, नवा रिमोट आईच्या हातात ठेवला आणि कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. त्या मालिकेत एका माणसाची मेली म्हणून समजलेली पहिली बायको परत आलेली होती आणि दुसरी बायको तिला घरात घेत नव्हती. मोठीमाय दुसरीच्या बाजूने. लहानी पहिलीच्या बाजूने असणार, हे न विचारता ठरलेलं.

पहिली बायको तोंडावरचा पदर बाजूला करायला गेली आणि मोठीमायचा अंगठा दाबला गेला. पडदा काळा झाला. तिने मान तिरकी केली.

काही आवाज नाही.

तिने मालिका परत लावली, परत घालवली. पुन्हा कान लावला. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं, त्या ओल्या शेणाच्या ठिपक्याकडे.

"वायर कुठं गेला?"

"काढली," मी म्हटलं.

"कोनं सांगतलं होतं तुले?"

"मीच सांगितलं, आई," मुलगा म्हणाला. "आता तुझा टीव्ही तुझा. दुसऱ्याला फुकट कशाला दाखवायचं?"

"फुकट नव्हतं ते," ती म्हणाली आणि रिमोट खाली ठेवून आत गेली. रागाने बघितलं ते मात्र माझ्याकडे. पोटच्या पोराकडे रागाने बघायला जड जातं, म्हणून घरात माझ्यासारखं एक माणूस लागतं.

मुलगा पुण्याला गेला आणि मोठीमाय विझत गेली. नवा टीव्ही तिला आवडेना. "एवढं मोठं तोंड राहते काय कोनाचं? छिद्रं दिसून रायले नाकातले." छत्रीवर भजनं लागायची आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. ताटातला भात अर्धा राहू लागला. मालिका लावली तरी रिमोटला हात लावायची नाही. मला शेवटपर्यंत बघायला मिळत होतं, पण तिच्या शेजारी बसून ते माझ्या घशाखाली उतरेना. विहिरीवर आमची बादली आधी आणि लहानीची नंतर, हा नेम चालू होता. पण पूर्वी लहानीची बादली उगाच कठड्यावर आदळायची, आम्हाला ऐकू जावं म्हणून. आता तीही गुपचूप पाणी काढून जात होती. म्हणजे तिकडेही काही बरं नव्हतं, किंवा तिला वाटत होतं की मोठीने मुद्दाम तोडलं आणि आता जिंकून बसली आहे.

मुलाचा फोन आला तर मोठीमाय एवढंच म्हणायची, "बरं नाही वाटत." एक दिवस त्याने फोन मला द्यायला सांगितला.

"मावशी, आईचं काही खरं दिसत नाही. धान चुरून मळणी आटोपली की मी गाडी घेऊन येतो. तिला इकडेच आणतो. घर बंद करू. तुम्ही खूप केलंत आमच्यासाठी."

ते 'केलंत' माझ्या ओळखीचं होतं. काम संपल्यावर मुकादम असंच बोलायचा. माणला भाऊ आहे, पण त्याच्या बायकोने माझा फोन उचलणं सोडलंय. मोठीमाय पुण्याला गेली की मी त्याच बसथांब्यावर, त्याच पेटीवर. फक्त आता मी तेव्हाइतकी तरणी नाही आणि कुणाच्या थैल्या उचलता येतील असंही नाही.

मग मी एक खुळेपणा केला. संध्याकाळी मालिका ऐन रंगात आली तेव्हा "लाकडं आणते" म्हणून मागच्या दाराने निघाले आणि भिंतीला लागून आमचीच थाळी दगडावर आपटली. दोनदा आपटली, न जाणो पहिल्यांदा ऐकू गेलं नसलं तर. लाकडं घेऊन आत आले.

"ऐकलं काय?" मीच विचारलं.

मोठीमायने माझ्याकडे मान वळवली. "ते आपली थाळी हाये. स्टीलची. काठ चेपला तिचा. अन् ते एकडाव आपटते, दोनदा नाही." मग म्हणाली, "मले मूर्ख समजून रायली काय? बसथांब्यावरून उचलून आनली तुले, अन् तू मले थाळ्या वाजवून दाखवते."

आता एकच राहिलं होतं. लहानीकडे जाऊन वायर परत जोडू द्या म्हणायचं. छत्रीच्या डब्यातूनही वायर निघते, हे मी छत्रीवाल्याला विचारून ठेवलं होतं. सकाळी मोठीमाय आंघोळीला बसली तेव्हा मी आमची बादली भरून झाल्यावरही विहिरीवरून हलले नाही. लहानी आली. मला बघून थबकली.

"काहून वं? मेली काय तुही मालकीन?"

"न्हाई."

"मंग काहून उभी हायेस? बाजूला हो. तुह्या सावलीचं पानी नाही काढाचं मले."

"वायर मी काढली," मी म्हटलं. "त्यांनी न्हाई काढली. त्या घरात बी नव्हत्या. तुम्ही म्हणत असाल तर मी परत टाकते भिंतीतून."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिची नजर माझ्या पदरावर थांबली.

"माही पिन तुह्या पदराले काहून हाये?"

मी पिन काढून पुढे केली. तिने ती घेतली, जिभेवर ओली करून आपल्या पदराला घासली आणि स्वतःच्या खांद्यावर लावली.

"चोर ते चोर, वरून वायर टाकतो म्हनते. सांग तिले, मले तिचं उष्टं नाही पायजे. माह्या लेकीनं मोबाइल पाठवला. त्याच्यात उद्याचं आजच दिसते. समजलं काय? उद्याचं, आजच. तुही मालकीन उद्या पाहीन ते मी आज सकाळीच पाहून बसली. उद्या ते सवत त्याच्या पहिलीले धक्के मारून बाहेर काढते. जाय, सांग तिले."

मी वळले तर मागच्या दारात ओल्या केसांनी मोठीमाय उभी होती.

घरात आल्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खाटेवर बसून केस पुसत म्हणाली, "काय सांगतलं होतं मी तुले? पह्यल्याच दिवशी. घे तुही पेटी अन् जाय. जिथून आनली तिथं."

पाय धरावेत की पेटी ओढावी ते कळेना, आणि भीतीने माणूस जे तोंडात येईल ते बोलतं तसं मी सगळंच बोलून गेले. वायर, पिन, उष्टं, लेकीचा मोबाइल, आणि उद्या दुसरी पहिलीला धक्के मारून काढते तेही.

मोठीमायचा हात केसांवर थांबला.

"तिले कसं मालूम?"

"मोबाइलात एक दिवस आधी येतं म्हणे."

"खोटं बोलते. जनमाची खोटारडी हाये ते."

पण त्या संध्याकाळी तिने स्वतः टीव्ही लावायला सांगितला आणि पुढे सरकून बसली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र झालं. दुसऱ्या बायकोने पहिलीला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर ढकललं, अगदी लहानीने सांगितलं तसं. मोठीमायच्या बाजूची बायको जिंकली होती, पण मोठीमायचं तोंड असं झालं की कुणीतरी तिच्याच ताटातला घास उचलून नेला.

पुढच्या दिवसापासून लहानीने नेम मोडला. आमची बादली विहिरीत असतानाच येऊन ती कठड्याशी उभी राहायची आणि मोहाच्या झाडाशी बोलल्यासारखं मोठ्याने सांगायची. आज काय होणार, कोण रडणार, कोण कुणाचं काय चोरणार. मोठीमाय आत कानात बोटं घालायची आणि मला म्हणायची, "काय म्हने आता?" संध्याकाळी बघायला काही उरायचं नाही. तरी ती बघायची, आणि लहानीचं बोलणं खरं ठरलं की शिव्या द्यायची. भात अजून अर्धाच जायचा, पण शिव्या पूर्ण ताकदीने येत होत्या. पेटी घे म्हणालेली, ते तिने परत काढलं नाही. जा असंही म्हणाली नाही आणि राहा असंही नाही. मी रोज पाणी काढत होते आणि रोज वाट बघत होते.

धान चुरून झाले. मुलाचा फोन आला, परवा पोचतो, आईचे कपडे भरून ठेवा. मोठीमाय शेजारीच बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाताने जवळ बोलावलं.

"विहिरीवर जाय. ते आली का मोठ्यानं बोल. म्हन, आमच्या पोरानं पुन्याहून दोन दिवस पुढचं लावून देल्लं."

"असं कुठं असतं का?"

"तिले मालूम हाये काय असते अन् काय नाही? तिच्या लेकीनं भंडाऱ्याहून एक दिवसाचं पाठवलं, तं माह्या पोराचं पुन्याहून दोन दिवसाचं येईनच ना. म्हन, परवा ते पहिली आंधळी होते. दोन्ही डोळे जातेत तिचे. सवत दुधात काही टाकून देते."

मी विहिरीवर गेले. कुणाशी बोलायचं ते सुचेना म्हणून मीही मोहाच्या झाडालाच सांगितलं. लहानी पाण्यात सोडलेली दोरी तशीच धरून उभी राहिली.

"दोन्ही डोळे?" तिने विचारलं. भांडण विसरून, सरळ मलाच.

"दोन्ही."

त्या दिवशी पलीकडून चुलीचा धूर दिसला नाही. दुसऱ्या सकाळी ती विहिरीवर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. शेजारणीला म्हणत होती, "एवढं सोसलं त्या पोरीनं, अन् आता हे." मोठीमायने खिडकीच्या फटीतून ते पाहिलं आणि खिडकी अलगद लावून घेतली.

त्याच संध्याकाळी मुलगा गाडी घेऊन आला. आईचं गाठोडं बांधलेलं बघून त्याला बरं वाटलं. "सकाळी लवकर निघू," तो म्हणाला. "मावशी, किल्ल्या शेजारी कोणाकडे ठेवायच्या ते सांगा. आणि तुम्हाला कुठे सोडू, लाखांदूरला की पवनीला?" चांगल्या मनाने विचारत होता. मला त्याच्या तोंडावर दार लावावंसं वाटलं.

मी पानं वाढायला घेतली. मोठीमाय टीव्हीसमोर बसली होती. मालिकेत पहिली बायको देवळाच्या पायरीवर बसलेली होती, दोन्ही डोळे धडधाकट.

"आवाज कमी कर," मोठीमाय म्हणाली.

"डोकं दुखतंय का, आई?"

"कमी कर म्हनलं ना."

त्याने आवाज बंद केला. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवत राहिली. पलीकडे लहानीच्या मोबाइलातून बारीक आवाज येत होता, उद्याचा, पहिलीचे डोळे जायचे तो भाग संपतानाचं संगीत, जे रोज येतं. मग तोही थांबला. मोठीमायने मान तिरकी केली. मुलगा तिच्याकडे बघत होता, मी भाताचं भांडं धरून उभी होते, आणि मला वाटलं की आता काहीच होणार नाही, पलीकडची म्हातारी रडून रडून झोपली असेल.

पलीकडे काशाची थाळी आपटली. एकदाच, पण अशी, की आमच्या भिंतीवरचं वाळलेलं शेण थोडं खाली पडलं. मागून लहानीचा आवाज आला, आठ घरांना ऐकू जाईल असा. "खोटारडी. जनमाची खोटारडी हाये बुढी."

मोठीमायचे ओठ मिटलेले होते.

"ऐकलं काय?" तिने मला विचारलं.

"ऐकलं."

"वाढ मंग भात. ह्याले बी वाढ." मग मुलाकडे न बघता म्हणाली, "तू सकाळी जाजो. एकटाच. मले इथं काम हाये."

"काय काम आहे तुला इथं?" तो म्हणाला.

तिने ताट पुढे ओढलं, वरणासाठी भातात खड्डा केला आणि मला म्हणाली, "उद्या काय सांगाचं तिले, ते विचार करून ठेव. सगळं मीच सुचवाचं काय?"

मी वाकून भात वाढला. पेटीला मी त्या दुपारीच कुलूप लावून ठेवलं होतं, आणि वाकताना त्याची किल्ली माझ्या कमरेला टोचत होती.